साचेखात्यातला गाळा

ज्ञानू अहिवळे हा सांगवीचा माणूस. बारामतीच्या सुमंगल मिलमध्ये त्यानं अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातले फक्त तीन दिवस साचेखात्यात. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं जो काय गोंधळ झाला तो या तीन दिवसांवरून झाला, तेव्हा तुम्ही मध्येच मला अडवून विचारण्यापेक्षा आत्ताच कानावर घातलेलं बरं.

मिल इंदापूर रस्त्याला होती. गाव सोडलं की डाव्या हाताला पहिली ती. पुढं रस्त्याला लागून साचेखातं, म्हणजे विणायचं खातं. मागाला मिलमधले लोक साचा म्हणायचे, म्हणून साचेखातं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, उत्तरेला काचा, आत दोनशे साचे. त्याच्या मागं दुमजली रिंगखातं, तिथं कापसाचं सूत निघायचं. ज्ञानू त्या रिंगखात्यातला. आधी तेल घालणारा, मग बॉबिन बदलणारा, मग साइडर, म्हणजे रिंगफ्रेमची एक बाजू सांभाळणारा, आणि शेवटची नऊ वर्षं जॉबर, म्हणजे कामगारांना काम नेमून देणारा. अठ्ठ्याऐंशी साली मिल बंद पडली. सात-आठ वर्षं कुलूप, कोर्ट, तारखा असं सगळं रीतसर झालं आणि शहाण्णवच्या सुरुवातीला पुण्याच्या एका बिल्डरनं ती घेतली. मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट, खाली दुकानगाळे, आणि पुढच्या साचेखात्यात सगळे दुकानगाळेच, असा त्याचा बेत होता.

बिल्डरचा मॅनेजर अविराज म्हणून एक पोरगेलासा इंजिनियर होता. बुटाला चिखल लागलेला चालायचा नाही, पण माणूस वाईट नव्हता. मिलचे नकाशे कुणाकडंच नव्हते, म्हणून त्यानं माहितगार म्हणून ज्ञानूला रोजावर घेतलं. जमिनीखालून वाफेचा पाइप कुठून गेलाय, हवेचा भुयारी नाला कुठं वळतो, कुठल्या खांबाला पूर्वी तडा जाऊन पट्टी मारलेली आहे, हे ज्ञानूला डोळे झाकून सांगता यायचं. सकाळी सांगवीच्या मळ्यातली वांगी आणि घेवडा तोडून मंडईला धाडायचा आणि नऊच्या ठोक्याला मिलच्या गेटवर हजर व्हायचा. नऊ म्हणजे नऊ. अविराज दहाला यायचा, आणि रोज एक तास ज्ञानू त्याच्यावर मनातल्या मनात चरफडत बसायचा.

जुनी मिल मोडून तिथं बिऱ्हाडं थाटणं हे काही सोपं काम नव्हे. साचे भंगारात गेले, रिंगफ्रेमा भंगारात गेल्या, तिथवर ठीक. पण रिंगखात्याची फरशी चाळीस वर्षं तेल प्यालेली. तिच्यावर सिमेंट टाकलं की चार दिवसांत पापुद्रा सुटायचा. कॉस्टिकनं धुतली, भुसा टाकून घासली, शेवटी छिन्नीनं दोन इंच उकरली तेव्हा कुठं नवी फरशी धरली. भिंतीला ड्रिल मारलं की भोकातून कापसाची पिंज बाहेर यायची. फ्लॅट बघायला आलेली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, कसला हो हा वास? ज्ञानू शेजारीच उभा होता. त्याला तो वास येतच नव्हता.

आता करुणाचं सांगतो. ज्ञानूला दोन अपत्यं. थोरला बुद्धभूषण पुण्यात बँकेत चिकटला आणि तिकडचाच झाला. धाकटी करुणा. ती डी. फार्म झाली. सांगवीच्या त्यांच्या वस्तीतली औषधशास्त्र शिकलेली पहिली मुलगी, आणि याचा ज्ञानूला एवढा अभिमान की नवीन माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला तो तिथं पोचायचा. पण झालं काय, तिनं नोकरी धरली ती एका मेडिकलवाल्याकडं. परवाना तिच्या नावावर, सर्टिफिकेट तिचं, चौकट करून दुकानात टांगलेलं, आणि गल्ल्यावर बसणारा भलताच. त्याला क्रोसिन आणि ब्रुफेनमधला फरक कळत नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर तो करुणाला 'ए पोरी' म्हणून हाक मारायचा. दोन वर्षं तिनं हे चालवून घेतलं. संध्याकाळी घरी आली की एक शब्द बोलायची नाही. ताईबाई, म्हणजे ज्ञानूची बायको, भाकरी थापताना त्याला म्हणायची, पोरीला स्वतःचं दुकान पाहिजे, तुमी नुसते पेपर वाचत बसा. ज्ञानू पेपर खाली ठेवायचा, आणि जरा वेळानं परत वर घ्यायचा.

म्हणून जेव्हा कळलं की कोर्टातल्या तडजोडीप्रमाणं कामगारांच्या बाकीपोटी बिल्डर चौदा गाळे देणार, आणि ते सगळ्यांत जुन्या चौदा कामगारांना मिळणार, तेव्हा ज्ञानूच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलणं झालं. ज्ञानूचा नंबर यादीत सहावा होता. करुणानं त्याच रात्री वहीत दुकानाची आखणी काढली. फ्रिज कुठं, काउंटर कुठं, आजारी माणसाला बसायला बाकडं कुठं. मेडिकलला रस्ता पाहिजे आबा, एवढंच ती म्हणाली. रात्री-अपरात्री पोराला ताप आला तर बाप गल्लीबोळात दुकान हुडकत फिरत नाही. ते रस्त्यावर दिसायला पाहिजे.

चौदा गाळ्यांतले सात पुढं होते, साचेखात्यात, रस्त्याच्या तोंडावर. सात मागं, रिंगखात्याच्या तळमजल्यावर. त्यांच्यासमोर आठ फुटांवर कंपाउंडची भिंत आणि मध्ये गटार.

कुणाला कुठला द्यायचा हे ठरवायला कामगारांची कमिटी होती आणि कमिटीचा अध्यक्ष होता गेणूराव. गेणू साचेवाला, म्हणजे विणकर, आणि ज्ञानूचा जिवाभावाचा दोस्त. चौऱ्याहत्तरच्या संपात दोघं एका मंडपात बावीस दिवस बसले होते, तिथून दोस्ती. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, लग्नाकार्यात पुढं होऊन वाढणारा. ज्ञानूच्या घरी बुद्धजयंतीला येऊन खीर मागून घेणारा. त्याच्या पोटात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण पोटात पाप नसलेला माणूसही केवढा घोळ घालतो ते आता बघा.

कमिटीची बैठक साचेखात्यात भरली. साचे निघून गेलेले, त्यांच्या पायांचे चौकोन फरशीवर उरलेले. गेणू उभा राहिला आणि छान बोलला. म्हणाला, आपण म्हातारे झालो, मिल गेली, पण आपली जागा कुणी हिरावून घेऊ शकत नाही. ज्यानं ज्या खात्यात घाम गाळला, त्याला त्याच खात्यात गाळा. साचेवाल्याला साचेखात्यात, रिंगवाल्याला रिंगखात्यात. ज्याची त्याची जुनी जागा ज्याला त्याला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. ज्ञानूनंही वाजवल्या, त्याच्या शेजारी बसलेल्या रिंगवाल्या कुंडलिकनंही वाजवल्या, आणि सगळ्यांत म्हातारी दगडाबाई, जिनं रिंगखात्यात तीस वर्षं झाडू मारला होता, तिनंही वाजवल्या.

घरी जाताना कालव्याच्या पुलावर ज्ञानूच्या डोक्यात उजेड पडला. तो सायकलवरून खाली उतरला.

यादीतल्या सात साचेवाल्यांत ज्ञानूच्या लोकांतलं कुणीच नव्हतं. असणार कुठून? साचेखात्यात त्यांच्यातलं माणूस कधी टिकूच दिलं नव्हतं. रिंगखात्यातले सात म्हणजे पाच बौद्धवाड्यातले आणि दोन मातंग. म्हणजे जुनी जागा ज्याला त्याला असं म्हटलं, की पुढची ओळ साचेवाल्यांची आणि गटाराकडची ओळ ह्यांची. गेणूनं मिलची भिंत पाडून पुन्हा होती तिथंच बांधली होती. आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या! ज्ञानूला स्वतःची एवढी चीड आली की तो सांगवीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेला.

बासष्ट सालचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

ज्ञानू तेव्हा बाविशीचा. साचेवाल्याचा पगार रिंगवाल्याच्या दीडपट. धर्म बदलून सहा वर्षं झाली होती, बापानं घरातले देव विहिरीत सोडले होते, आणि ज्ञानूला वाटायचं की आता सगळीच दारं आपल्याला उघडी. त्यानं तिथल्या जॉबरच्या मागं लागून बदलीवर, म्हणजे रजेवरच्या माणसाच्या जागी, साचेखात्यात काम मिळवलं. जॉबर मुंबईहून आलेला, त्याला इथल्या माणसांची जात आडनावावरून ओळखू येत नव्हती. पहिल्या पाळीला ज्ञानू दोन साच्यांवर उभा राहिला.

साच्यात धोटा असतो. लाकडाचा, हातभर नाही, वीतभर. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. तो बोटानं निघत नाही. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला की धागा तोंडात येतो. दिवसातून दोनशे वेळा ते करायचं. आणि पाळी संपली की तोच धोटा दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या तोंडाला.

तीन दिवस ज्ञानूनं काम केलं. कापड चांगलं निघालं, मुकादमानं हात फिरवून बघितलं होतं. चौथ्या दिवशी जॉबरनं दारातच अडवलं आणि नजर चुकवून म्हणाला, लोकांची तक्रार आहे, तू रिंगला जा. कोणाची तक्रार, हे ज्ञानूनं विचारलं नाही. त्याच्या दोन्ही साच्यांवरचे चारही धोटे बाहेर उकिरड्यावर पडलेले त्यानं जाता जाता बघितले. नवेकोरे होते.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ताईबाईला त्रोटक, पोरांना तर नाहीच. गेणूशी दोस्ती झाली तेव्हा वाटलं, हा साचेवाला आहे, ह्याला काही माहीत असेल का. पण विचारलं नाही. चांगला माणूस सापडलाय, उगाच कशाला उकरा.

तर गाळ्याचं. मिलची जुनी हजेरीबुकं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळं कोण कुठल्या खात्यात होतं याचा कागद शिल्लक नव्हता. अविराजनं फॉर्म छापून आणले. कामगाराचं नाव, खातं, किती वर्षं, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदारांनी सांगितलं ते खरं. ज्ञानूनं आपला फॉर्म घरी नेला आणि कंदिलाच्या खिळ्याला अडकवून ठेवला. करुणा रोज त्याच्याकडं बघायची. तिला कळलं होतं. वहीतली आखणी तिनं पुढच्या पानावर परत काढली होती, त्यात आता एक मोठी पाटी होती, रस्त्यापासून बाण दाखवणारी.

एका रविवारी सकाळीच गेणू सांगवीला आला. ज्ञानू वांग्याला पाणी देत होता. गेणूनं बांधावर बसून आधी पिकाचं विचारलं, मग करुणाचं विचारलं, आणि मग खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. तो भरलेला होता. ज्ञानू अहिवळे, खातं: साचे, वर्षं अठ्ठावीस. खाली दोन साक्षी, एक गेणूची, एक दुसऱ्या साचेवाल्याची.

"फकस्त सही कर," गेणू म्हणाला. "यादीत एक साचेवाला मेलाय, त्याची बायकू मागला गाळा घ्यायला तयार हाय, म्हंजी पुढला एक मोकळा हाय. तू माझ्या शेजारच्या साच्यावर व्हतास आसं लिवलंय. पोरीचं भलं व्हतंय, आन् कुणाचं काय जात न्हाय."

ज्ञानूच्या हातातलं खोरं खाली आलं. पाणी सरीतून वाहून बांध फुटायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. गेणूनंच उठून चार ढेकळं टाकून ते वळवलं. माणूस खरोखर मायेनं आला होता. करुणासाठी आला होता. त्यासाठी त्यानं स्वतःची खोटी सही केली होती आणि दुसऱ्याची मिनतवारी करून घेतली होती. ज्ञानूला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी ते खोरं त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. विचार करून सांगतो म्हणाला आणि चहा पाजून त्याला वाटेला लावला.

तीन दिवस तो फॉर्म घरात तसाच पडून होता. ताईबाईचं म्हणणं सरळ होतं. अठ्ठावीस वर्षं मिलनं तुम्हाला मागं ठेवलं, आता एका सहीनं पुढं जाता येतंय तर जा की. खोटं आहे तर आहे. त्यांनी काय खरं केलं होतं? तिचंही चुकत नव्हतं. ज्ञानू म्हणाला, ही सही केली तर कागदावर असं होईल की साचेखात्यात आमचा माणूस होता. अठ्ठावीस वर्षं होता. मग आम्हाला कधी कुणी अडवलंच नाही असं होईल. ताईबाई म्हणाली, कोण वाचायला बसलंय तो कागद?

तिसऱ्या दिवशी करुणा कामावरून आली, तिनं खिळ्याचा फॉर्म आणि गेणूनं दिलेला फॉर्म, दोन्ही समोर ठेवले आणि विचारलं:

"आबा, तुमी साचेखात्यात कधी का गेला न्हाय?"

तेव्हा त्यानं सांगितलं. चौतीस वर्षांनी पहिल्यांदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, धोट्याचं, ओठांचं, उकिरड्याचं. सांगताना त्याला लाज वाटत होती, आणि लाज आपल्याला का वाटावी याचाही राग येत होता. करुणा मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली की सही तुमची आहे, तुम्ही ठरवा. पण मला विचाराल तर त्या मेडिकलवाल्याकडं मी आणखी चार वर्षं काढीन. एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. आणखी चार वर्षं म्हणजे काय हे ज्ञानूला चांगलं माहीत होतं. लग्नाचं वय निघून जात होतं ते वेगळंच.

पुढची बैठक गुरुवारी. पुन्हा साचेखात्यात, पण आता भिंती उठायला लागल्या होत्या, गाळ्यांचे चौकोन पडले होते, चुन्याचा वास होता. चौदापैकी तेराजण आले होते, मेलेल्याच्या जागी त्याची बायको. अविराज टेबल मांडून फॉर्म गोळा करत होता. ज्ञानूचं नाव पुकारलं तसा तो उठला. साक्षी असलेला फॉर्म त्यानं टेबलावर ठेवला, सही न करता. त्याचा आवाज तसा बारीक, रिंगखात्याच्या घरघरीत त्याचं बोलणं कधी कुणाला ऐकू गेलं नव्हतं. आज गेलं.

"ह्यो फॉर्म खोटा हाय. मी साचेखात्यात तीन दिसाच्या वर नव्हतो. आमच्यातला येक बी माणूस कदी टिकू दिला न्हाय. आता जुनी जागा ज्याला त्याला म्हणताय, तर ती जागा आमाला कुणी नेमून दिली ते बी लिवा. गेणूराव, तुमी आत व्हता, मी भाईर व्हतो. का व्हतो ते तुमी सांगा."

अविराजला काहीच उमगलं नाही, तो एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. एक साचेवाला पुटपुटला की जुनं कशाला काढायचं, तेव्हाची रीतच तशी होती. त्याला कुणी साथ दिली नाही. गेणूनं टोपी काढून हातात घेतली. ज्ञानूला वाटलं, हा आता म्हणेल आम्हाला काही माहीत नव्हतं. तेवढं म्हणाला असता तरी ज्ञानूनं मानलं असतं. बावीस वर्षांची दोस्ती आहे, एवढं मानायला काय जातं.

"धोट्याला तोंड लावावं लागायचं," गेणू म्हणाला. "ज्ञानूनं तोंड लावलेल्या धोट्याला आमी तोंड लावणार न्हाय, आसं जॉबरला जाऊन सांगितलं." त्यानं टोपीची घडी घातली, परत उलगडली. "आमी म्हणतोय, पर आमी न्हाय. मी. त्या दोन साच्यांवर दुसऱ्या पाळीला मीच व्हतो. धोटे बी मीच फेकले."

ज्ञानू हे ऐकायला आला नव्हता. त्यानं खड्डा खणला होता तो दुसऱ्याच कशासाठी, आणि पडला स्वतःच. खरं ते बाहेर यावं म्हणून तो उभा राहिला, आणि आलं ते त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठं. कुंडलिकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला.

"गेणू," तो म्हणाला, आणि लोकांत त्यानं कधी त्याला अशी हाक मारली नव्हती, "बावीस वर्सं माझ्या डब्यातली भाकर खाल्लीस. येका दिवशी तरी सांगायचं."

"सांगितलं आसतं तर डबा पुढं केला नसतास."

गेणूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. ज्ञानूच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. त्याला नुसता राग आला होता, कोरडा, जुना राग. आणि त्या रागातसुद्धा त्याला कळत होतं की हा माणूस आज खोटं बोलून सुटला असता. कुणाला पत्ता लागला नसता. जॉबर मेला होता, मुकादम मेला होता.

शेवटी तोंड उघडलं ते दगडाबाईनं. तिला उठता येत नव्हतं, बसूनच म्हणाली की झालं ते झालं असं मी म्हणणार नाही, ते झालं ते वाईटच झालं. पण आता चिठ्ठ्या टाका, मला मागची निघाली तर माझं नशीब, पण चिठ्ठी निघू दे. गेणूनं लगेच मान हलवली. आपला ठराव त्यानं स्वतःच मागं घेतला, अविराजला कागद फाडायला लावले, आणि पाण्याचा तांब्या रिकामा करून त्यात चौदा चिठ्ठ्या टाकल्या. रिंगवाला आणि साचेवाला असं कुणी म्हटलं नाही. नावं तेवढी वाचली.

दगडाबाईला मागची निघाली. ती म्हणाली, बघा, म्हटलं नव्हतं? आणि हसली. कुंडलिकला पुढची निघाली. मेलेल्या साचेवाल्याच्या बायकोला मागची. गेणूला मागची, गटाराच्या अगदी टोकाची. ज्ञानूनं चिठ्ठी उचलून अविराजकडं दिली, त्यानं ती उलगडून वाचली. पुढचा पाच नंबर. मागचा निघाला असता तर मी तेही तुम्हाला असंच सांगितलं असतं, आणि ज्ञानूनं तोही घेतला असता.

सत्त्याण्णवच्या आषाढात करुणाचं दुकान सुरू झालं. वर छपराला जुन्या काचा तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळं दिवसा दिवा लावावा लागत नाही. उद्घाटनाला दगडाबाईला रिक्षानं आणलं, भिक्खूंनी त्रिशरण म्हटलं, ताईबाईनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला, दोनदा आलेल्यांना दोनदा दिला. करुणा काउंटरमागं उभी राहिली. कुणी तिला ए पोरी म्हणालं नाही. ताई म्हणाले, मॅडम म्हणाले, एक इंदापूरचा म्हातारा तर डॉक्टरीणबाई म्हणाला आणि त्याला दुरुस्त करता करता तिच्या नाकी नऊ आले.

ज्ञानू दुपारी तिथं येऊन बसायचा. गेणू उद्घाटनाला आला नाही. त्याला बोलावलंच नव्हतं.

गेणूला ब्लडप्रेशरचा त्रास होता, महिन्याच्या गोळ्या लागायच्या. त्याच्या घराशेजारी दोन मेडिकल होती. तरी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तो करुणाच्या दुकानात आला. ज्ञानूनं त्याला रस्ता ओलांडताना बघितलं, उठला, आणि आतल्या खोलीत जाऊन खोकी लावत बसला. लावलेलीच खोकी होती. करुणानं डॉक्टरची चिठ्ठी बघून गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. गेणूनं विचारलं, आबा कुठं हायत? ती म्हणाली, आत हायत. तो गोळ्या खिशात घालून गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात हेच. त्याच्याही पुढच्या महिन्यात हेच. ताईबाई एकदा बोलून गेली की आता किती दिवस असं, तर ज्ञानू तिच्यावर खेकसला. त्यालाच माहीत नव्हतं किती दिवस.

चौथ्या महिन्यात गेणू आला तेव्हा ज्ञानू उठला नाही. गेणू काउंटरला धरून उभा राहिला, गोळ्या घेतल्या, जायला वळला.

"बस," ज्ञानू म्हणाला.

गेणू बसला. दोघंही रस्त्याकडं बघत राहिले. करुणानं दोन चहा सांगितले.